विकणारा आणि शिकवणारा

गिऱ्हाईक हा देव असतो, हे वचन मी प्रथम वाचले ते आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या भिंतीवर. त्याच्याच शेजारी 'आज रोख उद्या उधार' अशी दुसरी पाटी होती. देवाला उधार मिळत नाही, एवढा बोध मी लहानपणीच घेतला. परंतु देवाने प्रश्न विचारलेलेही दुकानदाराला खपत नाहीत, हा दुसरा बोध व्हायला मात्र गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा, दसरा उजाडावा लागला.

त्याचे असे झाले. आम्ही राहतो अंबाजोगाईला. मी इथल्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि घरून निघाल्यावर दहाव्या मिनिटाला वर्गात असतो. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिची बदली झाली ती बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी. अंतर बावीस किलोमीटर. सकाळी एस. टी. आहे, संध्याकाळी एस. टी.ची मर्जी आहे. एरवी काळीपिवळी जीप, आणि जीपमध्ये जागा नसेल तर कुणा भल्या माणसाची मोटारसायकल. गेल्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर पावसाने जो कहर केला तो वाचक विसरले नसतील. त्यातल्याच एका संध्याकाळी जीपने तिला फाट्यावर उतरवून दिले आणि चार किलोमीटर ती उसन्या छत्रीखाली चिखलातून चालली. मी स्टँडवर उभा होतो. दिवेलागण होऊन गेली, फोन लागेना. ती आली तेव्हा चप्पल हातात होती. त्या रात्री जेवताना ती एवढेच म्हणाली, "अहो, मी विजेची गाडी घेणार."

सौ. गणिताची शिक्षिका असल्यामुळे तिचा निश्चय नेहमी आकड्यांसकट येतो. जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. पेट्रोलच्या स्कूटरला रोज एक लिटर, म्हणजे शंभरावर रुपये. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोनेक युनिटे, म्हणजे पंधरा-वीस रुपये. दिवसाला ऐंशी रुपयांची बचत धरली आणि शाळेचे दोनशेवीस दिवस धरले, तर वर्षाला साडेसतरा हजार. पैसे ती शिक्षकांच्या पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर काढणार होती. माझ्याकडे फक्त सोबत येण्याचे काम होते.

पहिल्या दुकानात पेट्रोलच्या आणि विजेच्या अशा दोन्ही गाड्या होत्या. "या सर, बसा सर," असे स्वागत झाले, पाणी आले, पंख्याचे तोंड आमच्याकडे वळले. एवढ्यात सौ.ने "विजेची स्कूटर दाखवा" असे म्हटले आणि त्या गृहस्थांचा चेहरा सत्यनारायणाला बोलावले म्हणून जावे आणि दारात वर्गणीची पावती पुढे यावी तसा झाला. "ती होय? आहे की," असे म्हणून त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे दसऱ्याच्या फलकांच्या आड, कपड्याखाली, एक स्कूटर उभी होती. कपडा काढला तेव्हा आम्ही तिघेही शिंकलो.

"चालवून बघते," सौ. म्हणाली.

"चार्ज नाही, सर."

विजेच्या गाडीच्या दुकानात विजेची गाडी चार्ज नसावी, याला काय म्हणावे? खानावळीत जावे आणि मालकाने म्हणावे, चूल पेटवलेली नाही! दुसऱ्या दिवशी गेलो तर किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर बीडला गेलेले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर भेटले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, कशाला त्या भानगडीत पडायलात? बावीस सप्टेंबरपासून पेट्रोलच्या स्कूटरवरचा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आलाय. पेट्रोलचीच घ्या की." सांगितले ते खरे होते. विजेच्या वाहनावरचा कर २०१९ पासून पाचच टक्के आहे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

आणखी एक मौज मी तिथे पाहिली. प्रश्न सौ. विचारी आणि उत्तर मला मिळे. "घाटात किती उतरते बॅटरी?" असे तिने विचारावे आणि मॅनेजरांनी माझ्याकडे पाहून "सर, कसं असतं..." अशी सुरुवात करावी. गाडी तिची, कर्ज तिचे, घाट तिचा. आणि मला साधी सायकलसुद्धा सरळ चालवता येत नाही!

दुसरे दुकान फक्त विजेच्या गाड्यांचे होते. तिथे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होते. घाट चढते का? हो. दोघे बसल्यावर? हो. भर पावसात? हो. माझ्या आईने घरून एक प्रश्न पाठवला होता: गाडी पेट घेते म्हणतात, ते खरे का? "आजींना सांगा, आपली नाही घेत." प्रश्न काही वेडगळ नव्हता. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्याच्या लोहगावात एका स्कूटरने भर रस्त्यात पेट घेतलेला सगळ्या देशाने पाहिला होता. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एवढे जरी त्याने सांगितले असते, तरी आईचे समाधान झाले असते. पण ज्याला 'हो' एवढे एकच उत्तर येते, त्याच्या 'हो'ची किंमत किती धरायची?

शेवटी तो म्हणाला, "मॅडम, हिला लायसन नको, पासिंग नको. आणि पळते साठच्या स्पीडनं!" आता १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नोंदणीतून सुटका आहे ती अडीचशे वॅटच्या आतली मोटार आणि पंचविसाच्या आतला वेग असलेल्या हलक्या गाड्यांना. तेव्हा एक तर ती साठने पळत नव्हती किंवा तिला पासिंग हवे होते. अशाच वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये मोहीम काढली होती आणि त्यात गाड्या जप्त झाल्या त्या घेणाऱ्यांच्या. पंचविसाच्या वेगाने जायचे म्हटले असते, तर प्रार्थनेला निघालेली सौ. शाळा भरून गेल्यावर घाटमाथ्यावर दिसली असती. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

तिसरे दुकान काचेचे होते आणि आत गारवा होता. तिथे एकाच स्कूटरला तीन किमती होत्या: एक फलकावरची, एक तोंडी आणि एक कागदावर लिहून दिलेली, प्रत्येक किंमत आधीच्या किमतीपेक्षा मोठी. सौ.ने कागद घेतला आणि वहीत तपासावी तशी बेरीज तपासली. "हा आर. टी. ओ.चा आकडा कसला? विजेच्या गाडीला राज्यात मोटार वाहन कर माफ आहे ना?" "ते असतंच, मॅडम." "आणि चार्जर वेगळा का?" "तोही असतोच." या चार्जरचे प्रकरण जुनेच आहे. काही मोठ्या कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे लावले होते. केंद्र सरकारने त्यावर बोट ठेवले, तेव्हा २०२३ मध्ये त्या कंपन्यांनी ते पैसे ग्राहकांना परत करण्याचे कबूल केले. बॅटरी गेली तर काय, असे विचारताच उत्तर आले, "आठ वर्षं काही होत नाही." "मग तसे लिहून द्या." "सिस्टीममध्ये तशी सोय नाही, मॅडम."

वाचक म्हणतील, दुकानदार आहेत, ते असेच वागायचे. मलाही तसेच वाटले होते. माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो आणि गाडी दारात आली तेव्हा मी शाळेत जात होतो. १९७२ साली निघालेल्या चेतकसाठी त्या काळी लोक वर्षानुवर्षे थांबत. कारखान्याने किती गाड्या करायच्या ते परवान्यावर ठरे आणि नंबर लागलेला माणूस आपला नंबरच चढ्या भावाने विकून टाकी. गाडी मिळणे हाच उपकार. प्रश्न कोण विचारतो? तोच चेतक २०२० मध्ये विजेवर चालू लागला, परंतु दुकानाच्या उंबरठ्यावरचा 'घ्यायची तर घ्या' हा जुना भाव अजून पेट्रोलवरच चालला आहे, असा एक शेरा मी मनात तयार करून ठेवला होता. तो शेरा पुरता खरा नाही, हे मला एका चहाच्या टपरीवर कळले.

आम्ही तिसऱ्या दुकानातून निघून टपरीवर बसलो होतो. पहिल्या दुकानातला एक पोरगा धावत आला आणि वाकून पाया पडला. तो माझा जुना विद्यार्थी निघाला, बी. ए. होऊन सहा वर्षे झालेली. दुकानात त्याने मला ओळखले होते, पण मॅनेजरांसमोर बोलला नव्हता. "सर, खरं सांगू का? मॅडम जे विचारायल्या, त्यातल्या एकाचंही उत्तर मला येत नव्हतं."

मग त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. दुकान चालते ते गाडी विकून कमी आणि गाडी दुरुस्त करून जास्त. पेट्रोलच्या गाडीला इंजिनचे तेल लागते, स्पार्क प्लग लागतो, फिल्टर लागतो; गिऱ्हाईक दर तीन-चार महिन्यांनी परत येते. विजेच्या गाडीला यातले काहीच नसते. म्हणजे जिला विकले की गिऱ्हाईक वारंवार येईनासे होते, ती वस्तू मालकाने उत्साहाने का विकावी? पोरांना गाडीमागे जे बक्षीस मिळते, तेही त्याच्या दुकानात पेट्रोलच्या गाडीवर जास्त. विजेच्या गाडीचा जाणकार मिस्त्री एकच, तो लातूरहून गुरुवारी येतो. आणि शिक्षण म्हणाल तर दोन तासांचा एक चित्रपट, तोही इंग्रजीत.

"मग 'येत नाही' असे सांगायचे की सरळ," मी म्हणालो.

"तसं म्हणलं की मॅनेजर ओरडतेत. म्हणून आम्ही सगळेच म्हणतो, त्या गाडीला मागणी नाही." तो हसला आणि अगदी निरागसपणे पुढे म्हणाला, "तुम्ही नव्हते का म्हणत सर, परीक्षेला येत नाही ते विचारू नका? तसंच आहे बघा."

चहा एकदम कडू लागला. मला तो तास स्पष्ट आठवला. दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. हाच पोरगा मागच्या बाकावरून उठून म्हणाला होता, "सर, मुकुंदराजांची समाधी आपल्या गावात आहे, मराठीतला आद्य ग्रंथ 'विवेकसिंधू' म्हणतात, मग आपण तो उघडून का बघत नाही?" खरी गोष्ट अशी की, मी स्वतः 'विवेकसिंधू' अथपासून इतिपर्यंत वाचलेला नव्हता. तेव्हा मी भारदस्त आवाजात म्हणालो होतो, "परीक्षेला नाही. बस खाली." मी मुकुंदराजांवर कपडा टाकून त्यांना कोपऱ्यात उभे केले होते. मलाही चार्जिंग नव्हते!

त्या रात्री मला आठवण झाली ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे जे दुकान निघाले ते सायकलींचे. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक होते. तिथून ते सायकली पाठवीत आणि बेळगावात भाऊ त्या विकीत. सायकल म्हणजे त्या काळातले विजेचे वाहनच! किंमत सातशेपासून हजारापर्यंत, आणि दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हेच लोकांना कोडे. तेव्हा किर्लोस्करांनी सायकल विकली आणि चालवायलाही शिकवली; शिकवण्याचे पंधरा रुपये घेत, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. पुढे लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. नवी वस्तू नुसती मांडून ठेवली की खपत नाही. नवी वस्तू विकायची म्हणजे आधी ती शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे आधी आपण शिकायची. दुकान काढणारा गृहस्थ मास्तर होता, हा मला काही निव्वळ योगायोग वाटत नाही.

आता आमच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. त्याच विद्यार्थ्याने रविवारी आम्हांला त्याच्या गल्लीतल्या एका आरोग्यसेविका बाईंकडे नेले. त्या दोन वर्षे विजेची स्कूटर चालवीत होत्या, खेड्यापाड्यांत, लसींचा डबा पुढे ठेवून. बाईंनी अर्ध्या तासात सौ.ला जे शिकवले, ते तिन्ही दुकानांत मिळून मिळाले नव्हते. कंपनी सांगते तो पल्ला प्रयोगशाळेतला. आपल्या रस्त्याला त्याचा पाऊण भाग धरा. चढावर काटा भराभर उतरतो, उतारावर थोडा परत चढतो. दूरवरून आल्या आल्या गरम बॅटरीला वायर लावू नका, आणि काटा अगदी तळाला जाऊ देऊ नका. वीज जाणार हे धरूनच रात्री निजायच्या आधी चार्ज करा, पहाटेवर ठेवू नका. आणि हेही सांगितले की, एकदा एका सुट्या भागासाठी गाडी एकवीस दिवस उभी होती. "तेवढं सोसायची तयारी असेल तर घ्या, ताई," बाई म्हणाल्या. मग किल्ली सौ.च्या हातात देऊन त्या स्वतः मागे बसल्या आणि दोघी परळीच्या रस्त्याला घाट उतरून पुन्हा वर आल्या. दोष सांगितल्यावर सौ.चा निश्चय पक्का झाला. लपवाछपवीमुळे जे तीन आठवडे घडत नव्हते, ते एका खऱ्या वाक्याने घडले.

गाडी आम्ही पहिल्याच दुकानातून घेतली, पाडव्याला. मात्र सौ.ने एक अट घातली: सगळे कागदावर. गाडीचा आणि बॅटरीचा क्रमांक, हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, चार्जर किमतीत धरलेला, केंद्राचे अनुदान किती वजा केले आणि मिस्त्री किती दिवसांत येणार. विद्यार्थ्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, मॅनेजरांनी कपाळाला आठ्या घालून सही केली. (अक्षर सुवाच्य आहे, एवढे श्रेय मी घेतो.)

या पाडव्याला ज्या वाचकांच्या घरी अशी गाडी यायची असेल, त्यांनी एवढे जरूर करावे. गाडी दुकानाभोवती नव्हे, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्यासह चालवून पाहावी. जो ती वर्ष-दोन वर्षे चालवतो आहे, त्याला आधी गाठावे. दुरुस्ती कुठे आणि कोण करतो ते डोळ्यांनी पाहून यावे. जिची गाडी असेल तिलाच उत्तर द्यायला लावावे. आणि जे तोंडी मिळते ते लेखी मागावे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभारली तेव्हा ग्राहकांच्या हक्काचा स्वतंत्र कायदाही देशात नव्हता. तो १९८६ मध्ये आला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. आज जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे, १९१५ हा तक्रारीचा दूरध्वनी आहे. पण आयोगापुढे काही सिद्ध करायचे म्हटले तर कागद लागतो. 'ते असतंच, मॅडम' याला पुरावा नसतो.

गाडीला आता वर्ष होत आले. सौ. दिवेलागणीच्या आत घरी येते. एकदा आरशासाठी सतरा दिवस थांबावे लागले; लेखी सात होते, तेव्हा तो कागद घेऊन ती दुकानात गेली आणि मॅनेजर या खेपेस माझ्याकडे न पाहता तिच्याशी बोलले. मीही थोडा सुधारलो आहे. शनिवारी शेवटची दहा मिनिटे परीक्षेला न येणाऱ्या प्रश्नांसाठी ठेवतो. पहिल्या शनिवारी तीन प्रश्न आले आणि त्यांतल्या दोहोंना मी "येत नाही, वाचून सांगतो" असे उत्तर दिले. आभाळ कोसळले नाही. 'विवेकसिंधू' मी घरी वाचायला घेतला आहे आणि श्रावणात वर्गाला घेऊन मुकुंदराजांच्या समाधीवर जाऊन आलो.

परवा त्या दुकानावरून जात होतो. कोपऱ्यातली स्कूटर आता दाराशी आली होती, अंगावर कपडा नव्हता, आणि भिंतीतून निघालेली वायर तिला लावलेली होती. समोर धोतर-टोपीतले एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची सून उभी होती. आमचा विद्यार्थी सीट उचलून काहीतरी दाखवीत होता आणि सूनबाई प्रश्नावर प्रश्न विचारीत होती. मध्येच तो थांबला, खिशातून वही काढून त्याने काही लिहून घेतले आणि म्हणाला, "हे मला माहीत नाही, ताई. गुरुवारी मिस्त्रीला विचारून सांगतो."

मी आत गेलो नाही. तास चालू असताना वर्गात शिरू नये.